सात वर्षं चार महिने

मी हेवेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की वृषालीनं लपवलं. नवऱ्यानं हे मला शेकडो वेळा ऐकवलंय, आईनं ऐकवलंय, आणि सहा वर्षांपूर्वी जयसिंगपुरात मंदिरामागच्या समाजाच्या हॉलमध्ये चार वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलंय. "नवरा सोन्यासारखा, आणि हिच्या डोक्यात सदा संशय!" त्या दिवशी मी हात जोडून "चुकलं माझं" म्हणाले. तरी घटस्फोट व्हायचा तो झालाच.

अभिनंदन चौगुले त्याचं नाव. ठिबक सिंचनाची एजन्सी आहे. लग्नाच्या चौथ्या वर्षी त्याच्या निपाणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. आठवड्यातून दोन-दोनदा निपाणी. एवढं काय ठिबक लागत होतं निपाणीला, कोण जाणे! मी त्याचा फोन बघितला, शर्ट हुंगले, एकदा तर मागोमाग निपाणीपर्यंत जाऊन भर चौकात तमाशा केला आणि हात हलवत परत आले. काही म्हणजे काही सापडलं नाही. घटस्फोटानंतर दीड वर्षानं त्यानं दुसरं लग्न केलं. मुलगी कुठली? निपाणीची! आता मला सांगा, मी काय समजायचं?

त्रिशला तिचं नाव. मी तिला लांबूनच ओळखत होते. मंडईत दिसली की कुठली भाजी घेते ते बघायची. तिची नवी चप्पल बघायची. मागच्या वर्षाअखेर कुणीतरी सांगितलं, तिला दिवस गेलेत. मला पाच वर्षांच्या संसारात एकदाही गेले नव्हते. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या या मूर्खपणाचा राग आला म्हणून दुप्पट जेवले.

मी तपासणी केंद्रात तंत्रज्ञ आहे. डॉ. रेहाना मुजावर आमच्या प्रमुख. यंदा तालुक्यात बायकांची आरोग्य मोजणी निघाली, ती एका वेगळ्याच गोष्टीची. ट्रायकोमोनास नावाचा एक परजीवी असतो. एकाच पेशीचा, नासपतीच्या आकाराचा, तोंडाशी चार-पाच शेपट्या. स्त्री-पुरुष संबंधातून तो एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. एखादीला खाज सुटते, जळजळ होते, अंगावरून जातं. पण निम्म्याहून जास्त बायकांना काहीसुद्धा जाणवत नाही आणि पुरुषांना तर बहुतेक वेळा पत्ताच नसतो. बरा होतो, साध्या गोळ्यांनी. फक्त दोघांनी एकदम घ्यायला लागतात, नाहीतर बाई बरी होते आणि नवऱ्याकडून परत घेते. गरोदर बाईनं तर अंगावर काढूच नये, कारण त्यात बाळ लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. इतकी वर्षं कुणी मोजायलाच गेलं नव्हतं, की आपल्याकडं किती बायका हा घेऊन फिरतायत. ज्या रोगाची तक्रार करायला बाई लाजते, तो आकड्यात येत नाही.

मोजणीचं पहिलं शिबिर आम्ही त्याच हॉलमध्ये लावलं, कारण बायका तिथं यायला बिचकत नाहीत. तीन तारीख होती. बायका आल्या, बसल्या, आणि कुणीच पुढं होईना. कापूस लावलेली काडी आणि नळी द्यायची, पडद्याआड जाऊन बाईनं स्वतःच नमुना घ्यायचा, एवढंच काम. शेवटी एक जण म्हणाली, "ताई, आम्हाला वाटत सुटलायसा, तुमची नळी कुठाय? आधी तुम्ही, मग आम्ही."

हे सगळ्या शिबिरांत व्हायचं. लस असो, रक्त असो, आधी ताईंनी द्यायचं. आम्ही त्याला बोहनी म्हणायचो. मी हसत एक नंबरची नळी उचलली आणि पडद्याआड गेले. एकटी राहणारी बाई मी, सहा वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही. मला कसली भीती?

दुपारी त्रिशला आली. सहावा महिना, पिवळा सुती कुडता, चेहऱ्यावर ते गरोदरपणाचं तेज की काय म्हणतात ते. मी कोण हे तिला माहीत होतं. तरी पुढं येऊन म्हणाली, "ताई, गरोदर बायकांनी दिलं तर चालतं ना?"

"चालतं. तुम्हीच तर द्यायला पाहिजे," मी म्हणाले आणि तिच्या हातात नळी दिली. नंबर दोनशे सतरा. नाव फोनवरच्या यादीत कुलूपबंद होतं, आम्हाला फक्त नंबर दिसायचे. कायदाच तसा कडक आहे. पण मी तिच्या हातात ठेवलेला नंबर मी विसरणार थोडीच! इतर चारशे अकरा नंबर विसरले, तो नाही.

नऊ तारखेला निकाल लागले. चारशे बारा बायकांपैकी सेहेचाळीस जणींत परजीवी सापडला. म्हणजे नऊ बायका शेजारी बसल्या तर त्यातली एक. मुजावर मॅडमनी संगणकावरची यादी बोटानं पुन्हा एकदा मोजली. "वृषाली, यातल्या निम्म्याजणींना विचारलंस तर सांगतील, मला काहीही त्रास नाही. माझा विश्वास आहे त्यांच्यावर."

मी मान डोलावली, पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. नंबर दोनशे सतरा: आहे. बरं वाटलं मला. लाज वाटायला पाहिजे होती, पण बरं वाटलं. त्या पिवळ्या कुडत्यातल्या सुखाला कुठंतरी डाग होता म्हणून.

मग यादीच्या वरच्या टोकाला नजर गेली. नंबर एक: आहे.

मी तीनदा बघितलं. माझ्यात? मी त्या घरातून बाहेर पडून सहा वर्षं झाली! म्हणजे जे काही होतं ते तेव्हापासून, काही आवाज न करता, माझ्या अंगात राहत होतं. आणि तेव्हा माझ्या आयुष्यात पुरुष एकच होता.

आता यंत्राविषयी सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथून झाला. आमच्याकडं वंशवेल नावाचं नवं यंत्र आलं होतं, मिक्सरएवढं. एका नमुन्यातला परजीवी ते दोन दिवस वाढवतं, मग एकेका पेशीची जनुकं वाचतं. परजीवी दुभंगत जातो तेव्हा दर पिढीत जनुकांत बारीकसे बदल होतात, आणि ते बऱ्यापैकी ठरल्या गतीनं साठत जातात. दोन घरांनी एकाच घरातून विरजण नेलं, तर पहिल्या दिवशी दोन्हीकडचं दही एकसारखं लागतं. वर्षा-दोन वर्षांनी प्रत्येक घराची चव वेगळी झालेली असते. चव किती बदलली ते मोजता आलं, तर विरजण कधी वेगळं झालं ते सांगता येतं. हे यंत्र तेच करतं. दोन बायकांतला परजीवी एकाच मुळाचा आहे का, आणि असला तर किती वर्षांपूर्वी फुटला.

यंत्र दिलं होतं ते रोग कुठून कुठं पसरतो ते कळावं म्हणून, नंबरावर. कुणाच्या घरात डोकावायला नाही. आणि एक नियम होता. तंत्रज्ञानं 'मंजूर' म्हटलं की अहवाल बाईच्या फोनवर जायचा, आणि तासाभरात नमुना नष्ट व्हायचा. म्हणजे मला दोनशे सतराची वंशवेल काढायची असेल, तर तिचा अहवाल अडवून धरायला लागणार होता.

मी चव्वेचाळीस अहवाल मंजूर केले. माझ्या एक नंबरासमोर आणि दोनशे सतरासमोर 'राखून ठेवला' असं नोंदवलं. कारण लिहिलं, पुन्हा तपासणी.

तुम्ही म्हणाल, तुला माहीत होतं ना गरोदर बाईनं थांबू नये? होतं. मी मनाशी म्हणत होते, चार दिवसांनी काय होतंय? सहा वर्षं मी थांबलेच की.

तेरा तारखेला वंशवेल निघाली. नंबर एक आणि नंबर दोनशे सतरा, एकाच मुळाचे. फाटा फुटल्याला सात वर्षं चार महिने. यंत्र पाच महिने इकडंतिकडं होऊ शकतं म्हणून खाली लिहिलं होतं.

सात वर्षं चार महिने! मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. निपाणीच्या फेऱ्या सुरू होऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते. मी म्हणत होते ना? मी सांगत होते ना? तेव्हापासून चालू होतं हे! हात जोडून माफी मागायला लावलीत मला, आणि ही बया तेव्हापासून त्याच्या गळ्यात होती! मी तो कागद छापून घेतला. खरं सांगते, लग्नात मंगळसूत्र घातलं तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेले. सहा वर्षांनी पहिल्यांदा. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, आणि तरीही त्याला बघून मी ओढणी सारखी केली. याचाही राग आला.

"वृषाली?" तो उठला. "बस की. पाणी सांगू?"

"पाणी नको. हे वाच." मी कागद गल्ल्यावर आपटला आणि एका दमात सगळं सांगितलं. परजीवी काय, यंत्र काय, एक नंबर मी, दोनशे सतरा तुझी बायको, सात वर्षं चार महिने. "आता बोल. कोण संशयी? कुणाच्या डोक्यात किडे?"

मला वाटलं होतं तो घामाघूम होईल, पाया पडेल, निदान ओरडेल तरी. त्यानं कागद उचलला, शांतपणे वाचला, घडी करून खिशात घातला.

"म्हणजे त्रिशलाला हा रोग आहे," तो म्हणाला.

"आणि तुलाही आहे!"

"मला? मला कसलाही त्रास नाही." त्यानं खिशातली घडी चाचपली. "मला काही होत नाही आणि तिला आहे, तर तिनं तो कुठून आणला?"

हा सूर माझ्या ओळखीचा होता. याच आवाजात तो मला म्हणायचा, तुला झोप लागत नाही का गं हल्ली, काहीबाही सुचतंय तुला. मी "अरे, तसं नाही" म्हणाले, पण तोवर एक गिऱ्हाईक आत आलं आणि तो त्याला नळ्यांचे भाव सांगायला लागला. मी बाहेर पडले. तरी त्या दिवशीसुद्धा मी दोनशे सतराचा अहवाल सोडला नाही. माझ्याकडचा पुरावा नष्ट होईल म्हणून.

वीस तारखेला त्रिशला केंद्रात आली. एकटी, हातात एक बॅग. डोळे सुजलेले. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "तुम्ही ह्यांना कागद दाखवलात?"

आजूबाजूला दोघीजणी होत्या. मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. "दाखवला," मी म्हणाले.

"मला का नाही दाखवला? अंग माझं आहे ना, ताई?"

खरं उत्तर मला सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, "तो कच्चा कागद होता. पक्का अहवाल आजच आलाय." इतकं खोटं मी आयुष्यात इतक्या सहज कधी बोलले नव्हते.

ती खाली बसली. पोटावर हात ठेवून हळू बोलायला लागली. "तीन दिवसांपूर्वी त्यांनी मला घराबाहेर काढलं. म्हणतायत, हे पोर माझं नाही. रविवारी हॉलमध्ये समाजाला बोलावलंय, माझ्या वडिलांनासुद्धा. तुम्ही त्यांना पकडायला गेला होता, ताई, आणि पकडली गेले मी."

"आता कशाला साळसूदपणा करतेस?" माझा आवाज चढला. "सात वर्षांपूर्वी निपाणीत तो कुणाकडं यायचा? तुझ्याकडंच ना?"

चिडली नाही, रडली नाही, गोंधळली. "सात वर्षांपूर्वी मी निपाणीत कुठं होते? माझा भाऊ हवाई दलात होता, त्याच्याकडं जामनगरला होते, तीन वर्षं. कॉलेज तिथंच केलं. निकालपत्रं आहेत की. ह्यांना मी पहिल्यांदा बघितलं ते बघायला आले तेव्हा, चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा."

"मग परजीवी..." मी बोलायला लागले आणि थांबले.

त्रिशलाच पुढं म्हणाली, "मला तुमच्यातलं काही कळत नाही. त्या कागदावरचा दुसरा नंबर तुमचा, हे त्यांच्याच तोंडून कळलं. पण मी बाहेरून आणला असता, तर तोच तुमच्यात कसा असेल? मी त्या घरात यायच्या आधी दीड वर्ष तुम्ही निघून गेला होता."

अगं बाई! किती साधी गोष्ट! बारा वर्षं या धंद्यात आहे मी. सगळ्या जगाला विरजणाचं उदाहरण देते, आणि स्वतःचा कागद वाचता आला नाही. फाटा सात वर्षांपूर्वी फुटला, याचा अर्थ त्या वेळी परजीवी अभिनंदनच्या अंगातून माझ्या अंगात आला. बस्स, एवढाच. त्याच्याकडं उरलेला त्याच्यातच राहिला आणि पुढं लग्नानंतर हिच्यात आला. निपाणीत कुणीतरी होती, नक्की होती. पण ती ही नव्हती. मी त्याच्याबद्दल बरोबर होते आणि हिच्याबद्दल साफ चूक. हिच्या चपला बघत फिरले मी चार वर्षं!

मी यंत्रापाशी गेले आणि 'मंजूर' केलं. तिच्या फोनवर टिंग वाजलं. मुजावर मॅडमना बोलावून गोळ्या लिहून घेतल्या, तिच्यासाठी आठवडाभराच्या आणि माझ्यासाठी तेवढ्याच. आम्ही दोघींनी एकाच तांब्यातलं पाणी ओतून पहिली गोळी घेतली. वंशवेलीचा दुसरा कागद माझ्या कपाटात होता. ती गेल्यावर मी तो बाहेर काढला आणि रविवारपर्यंत त्याच्याकडं बघत बसले.

कारण तो कागद हॉलमध्ये ठेवला तर त्रिशला सुटणार होती. पण तो ठेवायचा म्हणजे एक नंबर कोण ते सांगायला लागणार होतं. सगळ्या गावाला कळणार होतं की मगदुमांच्या लेकीला, वृषालीला, 'तसला' रोग आहे. आणि एवढं करून काय? ती त्या घरात परत जाणार, मी माझ्या दोन खोल्यांत. माझ्या हातानं मी तिचा संसार तिला परत द्यायचा. कुणी मला दिला होता माझा?

रविवारी हॉल भरला होता. पुढं पुरुष, मागं बायका. मधोमध भूपाल अण्णा, तेच, ज्यांनी माझी माफी ऐकली होती. त्रिशलाचे वडील एका कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते. अभिनंदन उभा राहून बोलत होता. शांत, नेटका, दुःखी. बायकोच्या अंगात रोग आहे, मला काहीही नाही, समाजानं न्याय करावा.

मी मागच्या रांगेतून उठले. "अण्णा, तिच्या अंगातला रोग यांना कुणी सांगितला ते विचारा."

"तू मध्ये बोलू नकोस, वृषाली," अण्णा म्हणाले.

"मी सांगितला. चूक केली, त्याची शिक्षा मला केंद्रात व्हायची ती होईल. पण अर्धाच कागद वाचलाय त्यांनी. त्या कागदावर दोन नंबर आहेत. एक त्रिशलाचा. दुसरा माझा." मी पुढं होऊन दुसरा कागद अण्णांसमोर ठेवला. "तोच रोग मला आहे. एकाच मुळाचा, सात वर्षं चार महिन्यांपूर्वी वेगळा झालेला. तेव्हा मी यांच्या घरात होते आणि ही जामनगरला कॉलेजात होती. हिनं बाहेरून आणला असता तर तो मला असता का? आमच्या दोघींमधला दुवा कोण, सांगा बरं?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "मग तेव्हा तूच कुठून तरी आणला असशील."

मला हेच अपेक्षित होतं. तरी कानशिलं तापली. "म्हणा की. सहा वर्षांपूर्वी संशयी म्हणालात, आता हे म्हणा. त्याचासुद्धा निकाल लागतो, यांनी नमुना दिला तर. कुणाच्या अंगात सगळ्यात जुना आहे ते यंत्र सांगेल. मी दिलाय, त्रिशलानं दिलाय. या हॉलमधल्या चारशे बायकांनी दिलाय. दर नऊजणींमागं एक निघाली, आणि त्या सगळ्याजणींनी बाहेरून आणला असं कुणाला म्हणायचं असेल, तर मागं वळून आपल्या घरातल्या बाईकडं बघून म्हणा."

कुणी मागं वळलं नाही.

"मला काही त्रासच नाही तर मी कशाला देऊ नमुना?" अभिनंदन म्हणाला. "असली शोभा—"

"दे की." आवाज बायकांतून आला. त्याची आई उठून उभी राहिली होती. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. एके काळी मीही म्हणायचे. "त्या दिवशी वृषालीकडं कागद नव्हता म्हणून आम्ही तिची माफी घेतली. आज तिच्याकडं कागद आहे. तुझ्याकडं काय आहे, अभि? काडीभर कापूस द्यायला भितोस कशाला?"

त्यानं खिशातली घडी काढून टेबलावर टाकली आणि तो चपला शोधायला बाहेर गेला. परत आला नाही. आत्तींनी त्रिशलाची बॅग स्वतः उचलली. "चल घरी. तो राहील दुकानावर, गोळ्या घेईपर्यंत."

मला कुणी सॉरी म्हणालं नाही. अण्णांनी "बैठक संपली" म्हणून जाहीर केलं. मी जिन्यावरून उतरताना सासू-सून पुढं चालल्या होत्या, आत्तींचा हात तिच्या पाठीवर. आणि मला परत हेवा वाटला. आतून, जळजळीत. माझ्या वेळी या बाईला तोंड नव्हतं का?

सोमवारी मुजावर मॅडमनी मला तीन महिने कामावरून दूर केलं. बाईचं नाव फोडलं म्हणून. बरोबरच केलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "दोनशे सतरा राखून का ठेवला होता?" मी म्हणाले, पुन्हा तपासणी. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

त्रिशला मात्र मला फोन करायला लागली. ताई, गोळ्यांनी मळमळतंय. ताई, आत्तींनी लाडू केलेत, या. मी गेले नाही, पण फोन घ्यायचे. कुणी ताई म्हटलं की बरं वाटतंच माणसाला.

पुढच्या महिन्यात तिचा फोन सांगलीच्या दवाखान्यातून आला. बत्तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगी. दीड किलोलासुद्धा कमी. काचेच्या पेटीत ठेवली होती.

मी गेले. दुपारची भेटायची वेळ होती. आत्ती खाली औषधं आणायला गेल्या होत्या. त्रिशला काचेला कपाळ टेकून उभी होती. आत एवढंसं पोर, अंगभर नळ्या, मूठ घट्ट मिटलेली. मला वाटलं होतं त्या पोराचाही हेवा वाटेल. नाही वाटला.

"श्वास घेतीय स्वतः," त्रिशला म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, जगेल बहुतेक. मी विचारलं, त्या रोगानं झालं का हे? म्हणाले, सांगता येत नाही. झालं असेल, नसेलही. गोळ्या किती आधी सुरू झाल्या ते विचारत होते." ती माझ्याकडं वळली. चेहरा पार उतरलेला, पण डोळ्यांत माझ्याबद्दल नुसती माया. "मी सांगितलं, अहवाल आला त्याच दिवशी आमच्या ताईंनी गोळ्या दिल्या. बरोबर ना? एक दिवससुद्धा वाया नाही गेला."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. नमुना नष्ट झाला होता. मुजावर मॅडमनी पुढं काही विचारलं नव्हतं. यंत्राला कुणी विचारणार नव्हतं. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच.

"नाही," मी म्हणाले. "अहवाल नऊ तारखेलाच आला होता. तो कच्चा-बिच्चा नव्हता. मी अकरा दिवस दाबून ठेवला."

तिला आधी कळलंच नाही. मग ओठ हलले.

"का, ताई?"

"तुझा हेवा वाटत होता म्हणून."

त्रिशलानं परत काचेकडं तोंड केलं. दोन्ही तळवे काचेवर पसरले आणि माझ्या बाजूनं ती पेटी झाकून उभी राहिली.